मिठाचा हात

१२ जानेवारी, रविवार

बारामतीच्या डॉक्टरीणबाईनं वही लिहायला सांगितली. रोज काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, छातीत जळलं का, आंबट पाणी घशाशी आलं का, सगळं लिहायचं. महिनाभर. मी म्हटलं, "बाई, मी चौथी शिकलेली, पासष्ट वर्षांची. जळतंय म्हणून सांगितलं, आता गोळी द्या आन् सोडा." तर म्हणते, "आजी, जळतंय ते कळलं. कशानं जळतंय ते वहीतून कळेल." मग ही खुर्चीत बसून काय करते?

पद्मा मॅडम म्हणतात तिला. माझ्या नातीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. मला जीभ बाहेर काढायला लावली, बॅटरी मारली. म्हणाली, "जीभ फार कोरडी दिसते. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" मी म्हटलं, "कुठल्याच न्हाईत." खरं तेच सांगितलं. मला ना शुगर ना बीपी. दिवाळीत शेळीला उसाचं वाढं, शेंड्याचा पाला, आणायला गेले तेव्हापासून अंगाला खाज आहे, तिला ती बारकी पिवळी गोळी घेते, सकाळ-दुपार-संध्याकाळ. ती काय औषधात धरायची? मेडिकलवाला चिठ्ठीसुद्धा मागत नाही.

वही फरहीनची. फरहीन माझी नात, बारामतीला औषधांच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या पानांवर तिनं पोटाचं चित्र काढलंय, पखालीसारखं दिसतं. मागची पानं कोरी होती ती मला दिली.

सकाळी चहा-बटर. दुपारी बाजरीची भाकरी, आमटी. जळलं दोनदा. एकदा जेवल्यावर, एकदा डॉक्टरीणबाईशी बोलताना.

१५ जानेवारी, बुधवार

काम काय करते ते लिहिलं पाहिजे, नाहीतर डॉक्टरीण म्हणायची म्हातारी दिवसभर बसून खाते.

काटेवाडीत घरामागं आमचं पत्र्याचं शेड आहे. तिथं मी आणि शेजारची शकुबाई जुलैपासून डबे करतो. बारामतीत खोल्या घेऊन राहणाऱ्या शिकाऊ पोरी, तीस-पस्तीस डबे. माझा मुलगा इरफान टेम्पोतून अकराला घेऊन जातो. सून जास्मिन कंपनीत जाते, तिचा हात लागत नाही, बरंच आहे.

शकू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. नवरा गेला, पोरगी इंदापूरला दिली. आम्ही दोघींनी चाळीस वर्षं एका पातीला उसाची खुरपणी केली. ती मला भाभी म्हणते आणि एकेरीत बोलते, मी चालवून घेते.

पहिल्या दिवशीच ठरवलं, मिठाचा हात एकीचा. दोघींनी मीठ घातलं की कालवण खारट, नाहीतर दोघींनी घातलं नाही की अळणी, आणि दोन्हीत भांडण. भाकरी-चपाती शकूची, कालवण आणि मीठ माझं. लग्नाच्या डेगा मी नुसत्या वासावर ओळखलेल्या आहेत. शकूनं आजवर मिठाच्या बरणीला हात लावलेला नाही.

इरफान हल्ली जेवताना तांब्याभर पाणी पितो. जानेवारीतच एवढा उकाडा, उन्हाळ्यात काय होईल.

जळजळ आहेच.

१८ जानेवारी, शनिवार

मशेरी लावली आणि थुंकायला बसले तर थुंकायला काही नाही! आजवर मशेरी लावली की तोंड पाटासारखं भरायचं. नुसती तपकिरी पूड हिरड्यांना चिकटून बसली, चूळ भरून काढली. मशेरीसुद्धा भेसळीची यायला लागली. दुकानदाराला चांगलं सुनावणार आहे.

फरहीनला सांगितलं तर तिनं दुकानदाराला सोडून मलाच धरलं. "दादी, दोष मशेरीचा न्हाय. लाळ कमी झालीय तुझी. कानाखाली दोन, जबड्याखाली दोन, जिभेखाली दोन, अशा सहा मोठ्या गाठी असतात. दिवसाला जवळजवळ लिटरभर लाळ करतात."

"लिटरभर? आपली शेळी देत न्हाय तेवढं."

"आन् चिंच नुसती आठवली की मेंदूकडनं तार जाते, गाठी सुटतात. मेंदूच चालू करतो, मेंदूच बंद करतो. आपल्याला विचारत न्हाय."

हे मला पटलं नाही. माझं तोंड, माझं पाणी, आणि कधी सोडायचं ते मला विचारायला नको? ह्या घरात माझ्या हुकमाशिवाय दिवा लागत नाही, आणि आत हे लोक आपल्या मनाचा कारभार करतात.

ती पुढं म्हणाली की फोडणीचा वास आला की पोटसुद्धा आम्ल सोडायला लागतं, घास तोंडात जायच्या आधीच. म्हणजे पाहुणा अजून वेशीवर आणि ह्यांनी पान वाढलं. ते आम्ल असं जहाल की त्यात लोखंड झिजेल. मी विचारलं, "मग पोटाला भोक कसं पडत न्हाय?" तर पोटाला आतून बुळबुळीत लेप असतो म्हणे. जळते ती वरची नळी, तिला तसला लेप नाही. आम्ल वर आलं की लाळ गिळून गिळून ते धुवून खाली न्यायचं, लाळ त्यासाठीच.

मी दिवसभर लक्ष ठेवलं किती वेळा गिळते. गिळायला तोंडात काही नव्हतं. पण हे तिला सांगितलं नाही. पोर आधीच जास्त हुशारी करते.

२१ जानेवारी, मंगळवार

एका डब्यात चिठ्ठी आली. "आजी, आमटी जरा खारट होते हल्ली. बाकी मस्त. पूर्वी."

कोण ही पूर्वी? लातूरकडची आहे म्हणे, नर्सिंगला. आईच्या हातचं सोडून आली तेव्हा जेवायला रडत होती, तिला मी शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधून दिली. आता जिभेला शिंगं फुटली. मी आमटी दोनदा चाखली होती. उलट अळणी वाटली म्हणून वर अर्धी मूठ टाकली. पूर्वीच्या तोंडालाच काहीतरी झालं असेल. परीक्षा जवळ आली की पोरींचं असंच होतं.

शकूला चिठ्ठी दाखवली. ती चपाती लाटत होती. म्हणाली, "भाभी, उद्या जरा हात आखडता घे."

मी म्हटलं, "चपातीकडं बघ. करपली."

करपली नव्हती.

२३ जानेवारी, गुरुवार

आज चार चिठ्ठ्या. चौघींचं एकच, खारट. चारपैकी एकीनं तर पुढं डोळ्यातनं पाणी काढणारं तोंड काढलंय. इरफान म्हणतो त्याला इमोजी म्हणतात. काय म्हणायचं ते म्हण, बाईनं बाईच्या स्वयंपाकाला असं तोंड काढू नये.

आता मी डोकं चालवलं. मी घालते ते मीठ मला माहीत आहे. चाखते ते माहीत आहे. तरी खारट, म्हणजे माझ्यामागं दुसरा हात पडतो. मी मीठ घालून हातपाय धुवायला जाते, साडी बदलते, तेवढ्या वेळात शेडमध्ये कोण असतं? शकू. दुसरं कुणीच नाही.

का करेल? चिठ्ठीत "बाकी मस्त" कुणाला असतं, चपातीला. तिला वाटलं असेल सगळं नाव तिच्या चपातीचं व्हावं.

जळजळ दुपारी फार. पिवळी गोळी घेतली, खाजेला. डॉक्टरीणबाईनं दिलेली गॅसची गोळी जेवल्यावर ढेकर आला तेव्हा घेतली. दोन्हींचा उपयोग नाही.

२५ जानेवारी, शनिवार

पकडली.

आमटीत मीठ घातलं, हातपाय धुवायला गेले आणि पुन्हा उलट पावली आले. शकू पातेल्यावर वाकलेली. तिच्या डाव्या हातात जर्मनची बारकी पातेली. मला बघून ती पातेली पिठाच्या डब्यामागं सरकवली. मी ती ओढून बाहेर काढली. आत डाळ. शिजलेली, घोटलेली, अडीच-तीन माणसांची.

"हे काय, शकू?"

तिनं हातातली पळी खाली ठेवली.

"डाळ घरी नेतीस व्हय चोरून? आन् हितलं कमी पडलं की पाणी-मीठ घालून वाढवतीस?"

आमच्या दारात गावाचा नळ आहे. पाणी यायची वेळ, सात-आठ बाया हंडे घेऊन उभ्या. माझा आवाज काही बारीक नाही. रतन तर नळाला हंडा तसाच सोडून शेडच्या दारात आली. तिच्या कानावर गेलं म्हणजे पणदऱ्यापर्यंत गेलं.

शकूनं पदराला हात पुसले. "भाभी, तुझ्या बरणीला मी कवाच हात लावला न्हाय. एवढं ध्यानात ठेव." आणि गेली. बायांच्या मधून गेली, मान खाली घालून. चोराच्या मनात चांदणं, नाहीतर मान खाली कशाला?

तिची ती डाळ दुपारी घरात वाढली. अन्न टाकून द्यायची सवय नाही मला. इरफाननं भाकरीबरोबर दोन वाट्या खाल्ली आणि जास्मिनला म्हणाला, "जरा मीठ दे ग वरनं." शकूला डाळ चोरायची अक्कल आहे, मीठ घालायची नाही.

आज त्यानं पाणी मागितलं नाही.

२७ जानेवारी, सोमवार

पस्तीस डबे गेले, एकतीस भरलेले परत आले.

इरफान टेम्पोतून उतरला आणि डबे शेडमध्ये मांडून ठेवले. आज चिठ्ठी एकातही नाही. चिठ्ठी असती तर बरं झालं असतं. पूर्वीचा डबा उघडला तर भात खाल्लेला, आमटी तशीच.

शकू नाही, तिचा हात नाही, तिचं पाणी-मीठ नाही. एकटीनं केलं मी. चपात्या जाड झाल्या, मान्य. पण आमटी? मी तिथंच उभी राहून पळीभर प्याले. काही नव्हतं तिला. नुसतं गरम पाणी, चिखलासारखं.

इरफानला म्हटलं, "शकूनं पोरींना फोन केला असंल. फितवलं."

"अम्मी, शकूमावशीकडं फोन हाय का?"

नाही. तिच्याकडं फोन नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

आज डबे बंद ठेवले. फरहीन कॉलेजला गेली नाही. मला म्हणाली, "दादी, एक खेळ खेळायचा." मी म्हटलं, ह्या वयात?

तिनं एकाच पातेल्यातली आमटी तीन वाट्यांत काढली आणि मला पाठ करून बसवलं. मागं बरणीचं झाकण वाजत होतं. मग तिन्ही वाट्या पुढं ठेवल्या. "सांग, बरोबर मिठाची कुठली?"

पहिली अळणी. दुसरी अळणी. तिसरी जरा बरी. मी म्हटलं, "ही. हिच्यात तेवढा जीव हाय."

फरहीननं ती वाटी इरफानला दिली. त्यानं घोट घेतला आणि धावत मोरीत गेला. तिथून खोकत येत म्हणाला, "अम्मी, आंघोळीला समुद्राचं पाणी आणलं का काय?"

"तिच्यात तीन चमचे घातलेत, दादी," फरहीन म्हणाली. "पहिलीत बरोबर होतं."

मी दोघांना झापलं. म्हटलं आई-बापाची, आजीची परीक्षा घेता, तुमची शाळा हीच शिकवते का. कालवणाला नावं ठेवायची होती तर तोंडावर ठेवायची. इरफान म्हणाला, "तोंडावर? तुझ्या?" आणि उठून टेम्पो पुसायला गेला. टेम्पो स्वच्छ होता.

सगळे गेल्यावर शेडमध्ये गेले. बरणी उघडली. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि तोंड मिटलं.

वाळू. नुसती वाळू. विरघळेना. दाताखाली कचकच वाजली. कितीतरी वेळ बसले, तेव्हा कुठं एका कडेला खारं लागलं, कुणीतरी लांबून हाक मारल्यासारखं.

आज काही खाल्लं नाही. तरी जळतंय. डॉक्टरीणबाईला विचारा ह्याचं काय लिहायचं.

२९ जानेवारी, बुधवार

ती डाळ अळणी होती.

इरफाननं वरून मीठ मागितलं होतं. मी ते लिहून ठेवलंय आणि लिहिताना हसले होते. कुणी घरी चोरून न्यायला अळणी डाळ शिजवत नाही. अळणी डाळ बाजूला काढून ठेवायचं कारण एकच असतं, खारट पातेल्यात मिसळायला. हे मला कुणी सांगायला नको होतं, मी डेगा केल्या आहेत.

कधीपासून मिसळत होती? किती दिवस तिनं चपाती लाटता लाटता दुसऱ्या शेगडीवर माझी चूक शिजवली?

आणि मला एका शब्दानं सांगू नये? हाच मला राग आहे. बाईला तोंड दिलंय ना देवानं!

३१ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईकडं गेलो, फरहीन बरोबर. मॅडमनी वही मागितली. दिली नाही. कागदावर वेगळं उतरवून नेलं होतं, तेवढंच दिलं. पुन्हा तोच प्रश्न, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मी "कुठल्याच" म्हणणार तर फरहीननं माझ्या कमरेची पिशवी सोडली आणि पिवळ्या गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. सगळ्या दवाखान्यासमोर. दुसऱ्या बाईच्या कमरेला हात घातला असता तर पोरीचा हात मोडला असता.

मॅडमनी पट्टी उलटीपालटी केली. "दिवसातून किती?"

"तीन."

"कधीपासून?"

"दिवाळी."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"ते औषध न्हवं, बाई. ती खाजेची गोळी हाय. मेडिकलवाला पुडीत देतो."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बोलता आलं असतं. म्हणाल्या, "आजी, ही गोळी खाज दाबते आणि त्याच वेळी लाळेच्या गाठींकडं जाणारा निरोपही दाबते. निरोप पोचला नाही की गाठी पाणी सोडत नाहीत. मीठ पाण्यात विरघळल्याशिवाय जिभेला कळत नाही. तुमची जीभ चांगली आहे, तिला पाणी मिळत नव्हतं. आणि पोटातून वर आलेलं आम्ल धुवायलाही पाणी नाही, म्हणून जळजळ वाढली."

मग गॅसच्या गोळीचं विचारलं. सांगितलं, जेवल्यावर घेते. म्हणाल्या, "उलटं करता. घास पोटात गेला की आम्लाच्या बारक्या बारक्या मोटारी चालू होतात. मोटार चालू व्हायच्या वेळेला गोळी तिथं हजर पाहिजे. म्हणून उपाशीपोटी घ्यायची, अर्धा तास आधी."

"आन् मोटार बंद कोण करतं? का चालूच राहते जन्मभर?"

मला वाटतं त्यांना हा प्रश्न आवडला. म्हणाल्या, पोटात आम्ल पुरेसं झालं की पोटच हात आवरतं. पुढं ते आतड्यात उतरलं की आतडं खारं पाणी सोडून त्याची धार मारतं, आणि वर निरोप धाडतं की पुरे आता. म्हणजे खालच्यानं वरच्याला सांगायचं, पुरे, आणि वरच्यानं ऐकायचं.

मशेरी बंद, पिवळी गोळी बंद. खाजेला मलम दिलं. येताना मेडिकलपाशी इरफानला टेम्पो थांबवायला लावला आणि त्या माणसाला दहा मिनिटं बोलले. तो म्हणतो, "मावशी, तुमीच मागत होता." मागत होते! मी मागितलं म्हणून विष देशील का? पण बोलून काही बरं वाटलं नाही. नेहमी वाटतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डबे परत चालू केले. पस्तीसचे चोवीस राहिले. मीठ फरहीन घालते, कॉलेजला जाताना, चमच्यानं मोजून. आमटीला चमच्यानं मीठ! जास्मिननं रजा काढून चपात्या लाटल्या, त्या नकाशे झाल्या.

खाज आहे. मलमाला उग्र वास आहे. मशेरीवाचून डोकं दुखतं आणि माझ्यासमोर येईल त्याचं दुखायला लावते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जास्मिननं लिंबाच्या फोडी केल्या आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. कानाखाली चमक मारून सुटलं, दुखल्यासारखं. गिळलं. पुन्हा आलं. मी कुणाला सांगितलं नाही, मोरीशी जाऊन एकटीच गिळत उभी राहिले.

संध्याकाळी मीठ जिभेवर ठेवलं. मीठ लागलं. भांड्यानं डोक्यात मारावं तसं लागलं.

फरहीनला विचारलं, लाळ आणखी कशानं आटते? पुन्हा आटली तर काय, म्हणून. म्हणाली, "भीतीनं. माणूस घाबरला की तोंड कोरडं पडतं. शरीर म्हणतं, आता जेवायची वेळ न्हाय."

मी म्हटलं, मग मला धोका नाही. मी कुणाला भीत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

शकूकडं गेले.

तिचं घर आमच्या घरापासून वीस पावलं. पंधरा दिवसांत मी त्या बाजूला पाहिलं नव्हतं. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मी फाटकाशी उभी राहिले आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. गोळी बंद करून नऊ दिवस झाले होते. लिंबाला पाणी सुटत होतं, चिंचेला सुटत होतं. शकूच्या फाटकाशी थेंब नाही.

तिनं सूप खाली ठेवलं नाही. "या. काय काम काढलं? डाळ शोधायला आलात?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला "आलात" म्हणाली.

मी म्हटलं, "पाणी दे आधी."

तांब्या आणून दिला. सगळा प्याले. मग म्हटलं, "ती डाळ अळणी व्हती."

"व्हती."

"रोज मिसळत व्हतीस."

"मग काय करू? पोरी उपाशी राह्यल्या असत्या."

"मला सांगायचंस."

शकू हसली. चांगलं हसू नव्हतं. "तुला? तुला सांगून कोण जगलंय, भाभी? श्रावणात म्हटलं दोडका कडू हाय, तर आठ दिस बोलली न्हाईस माझ्यासंगं."

"दोडका कडू न्हवता."

"कडू व्हता."

ज्वारी सुपात वर-खाली होत होती. मी म्हटलं, "व्हता. जरा व्हता."

तिचा हात थांबला. मी गोळीचं सांगितलं, लाळेचं सांगितलं, तीन वाट्यांचं सांगितलं. वाटलं ती म्हणेल, जाऊ दे. शकू नेहमी म्हणते, जाऊ दे.

म्हणाली नाही. म्हणाली, "तुझ्या तोंडाचं झालं ते झालं. आजारपण हाय. पण मला चोर म्हटलीस ते गोळीनं म्हटली न्हाईस. ते तुझं तूच म्हटलीस. पंधरा दिस झाले, मी पाण्याला लांबच्या नळावर जाते. रतन परवा मला म्हणाली, शकूबाई, आमच्यात आलीस की डबे मोजून ठेवावे लागतील. पोरीच्या सासरपर्यंत गेलं असंल आता, इंदापूरला. हितं माझ्या अंगणात येऊन माफी मागू नगंस. जितं बोललीस तितं बोल."

मी म्हटलं, "बाया हसतील मला."

"हसू देत."

परत येताना इतका राग होता की दोनदा ठेच लागली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि मला अटी घालते! घरी येऊन जेवले नाही. रागानं पोटातल्या सगळ्या मोटारी चालू झाल्या होत्या. दोन तास जळलं. डॉक्टरीणबाईला लिहून देता येईल असं ते नव्हतं.

शकूचं बरोबर आहे. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या फिरणार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

पाणी यायच्या वेळेला नळावर गेले. हंडा नव्हता बरोबर, म्हणून बायांनी आधीच बघायला सुरुवात केली. रतन पुढंच होती. मी म्हटलं, "ऐका ग सगळ्या. शकूनं डाळ चोरली न्हवती. मला मीठ कळत न्हवतं. पातेलं मी खारट करत व्हते आन् ती मला कळू न देता सुधारत व्हती. चोर म्हटलं ती चूक माझी. आता हे ज्याला ज्याला ते सांगितलंत त्याला त्याला जाऊन सांगा."

 नळ वाहत होता. मग रतन म्हणाली, "अगोबाई, गौहरबी! तुमाला मीठ कळत न्हवतं?"

"न्हवतं. आन् तुला कुणाची अब्रू कळत न्हाय. माझ्यावर औषध तरी निघालं."

तोंड कोरडं ठाक पडलं होतं, पण बोलणं अडलं नाही. शेडमध्ये येऊन बसले. डब्यातलं पीठ चाळायला घेतलं.

साडेनऊला शकू आली. कुणी बोलावलं नव्हतं. पदर खोचला, जास्मिनच्या चपात्या बघितल्या, एक उचलून उजेडात धरली आणि शेळीपुढं टाकली. मग पोळपाट घेतला.   आमटीला उकळी आली तेव्हा फरहीन चमचा घेऊन यायच्या आधी मी मिठाची बरणी उचलली आणि शकूच्या बाजूला ठेवली.

"हे काय?"

"मिठाचा हात तुझा आता."

"आन् तुझी जीभ परत आलीय म्हणतीस ना?"

"आलीय. तरी तुझा."

तिनं बरणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, हात पुसले आणि मीठ घातलं. एकदा. वर चिमूटभर. पळी काढून माझ्यापुढं धरली. मी चाखली.

मीठ कमी होतं. तोंडाला पाणी सुटलेलं होतं, जीभ स्वच्छ होती, अजिबात शंका नाही. चोवीस डब्यांच्या आमटीला पाऊण मूठ तरी आणखी पाहिजे होतं.

"कसं हाय?" शकू म्हणाली.

मी म्हटलं, "डबे भर. इरफानला उशीर होतोय."

चोवीस गेले, चोवीस रिकामे आले.